बरणीत जन्मलेले डास

भालूशेठ कालेकरांची तिसरी बोट जाळायची वेळ आली, तेव्हा सावणे बंदरात घरात म्हणून कुणी उरलंच नव्हतं. म्हातारेकोतारे, जाळी शिवणारे, बाजाराला निघालेल्या मासळीवाल्या, सगळे धक्क्यावर येऊन उभे होते. पहिल्या बोटीच्या वेळी लोक ओरडले होते. दुसरीच्या वेळी रडले होते. आता नुसते बघत होते, आणि तारामती चोगलेला त्या बघण्याचीच जास्त भीती वाटत होती.

तारामती किनारा जैवसुरक्षा दलाची अधिकारी होती आणि याच बंदरात वाढलेली होती. समोरच्या निम्म्या बायकांनी तिला लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

"मॅडम, हुकूम?" जवान घाडगेनं विचारलं. त्याच्या पाठीवर इंधनाची टाकी होती, हातात आग फेकणारी नळी.

तिनं हात वर केला, तेवढ्यात भालूशेठनं धक्क्यावरून बोटीत उडी घेतली. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पोरासारखा धावत गेला आणि बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, मिठी मारून बसला.

"जाळा! मलापण जाळा हिच्यासंगं!"

"शेठ, उतरा खाली. बोटीवरच्या कानानं डास ऐकलाय. कायदा काही मी केलेला नाही."

"कान तुझा, कायदा तुझा, आग तुझी! मग माझं काय गो? नुसती राख?"

दोघा जवानांनी त्याला ओढलं. त्यानं लाकडात नखं रुतवली. नखं तुटली आणि नव्या निळ्या रंगावर रक्ताचे चार ओरखडे उमटले. बापाचे हाल बघून त्याचा मुलगा रोशन वल्हं घेऊन धावला. वल्ह्याचा पहिलाच तडाखा एका जवानाच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या जवानानं बंदुकीचा दस्ता रोशनच्या तोंडावर हाणला. रोशन गुडघ्यावर बसला आणि त्यानं ओंजळीत दोन दात थुंकले.

मग आग लागली. डिझेल, रंग, नायलॉनची जाळी, सगळं एकदम पेटलं. काळा धूर बंदरावर उतरला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

एवढ्याशा डासापायी एवढी मोठी बोट का जाळायची, असं कुणीही विचारील. ते समजून घ्यायचं तर आपल्याला जरा मागं जायला हवं.

धक्क्यावर आपटून बोटीचं लाकूड फुटू नये म्हणून बोटीच्या दोन्ही बाजूंना जुने टायर टांगतात. काही वर्षांपूर्वी, म्हणजे २०३७ च्या सुमाराला, एका परदेशी जहाजानं असे शेकडो जुने टायर कवडीमोलानं विकले, आणि किनाऱ्यावरच्या बोटवाल्यांनी ते आनंदानं घेतले. टायर कोरडे ठणठणीत होते. पण आतल्या रबराला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक अशी काळी अंडी चिकटलेली होती. काही जातींच्या डासांच्या अंड्यांना पाणी नसलं तरी चालतं. ती महिनोन् महिने वाळून पडून राहतात, आणि ओंजळभर पाणी साचलं की जणू काल घातल्यासारखी फुटतात. तसा हा डास आला. पायांवर नारिंगी पट्टे, म्हणून लोक त्याला पट्टेवाला म्हणू लागले. त्याच्याबरोबर आलेल्या तापाला नाव पडलं तांबडा ताप, कारण तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून, नाकातून, डोळ्यांच्या कडांतून रक्त यायचं. पहिल्याच वर्षी किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी शत्रूनं मुद्दाम पाठवला असता, तरी यापेक्षा जास्त नुकसान झालं नसतं. म्हणून सरकारनं दल उभं केलं.

कुठलंही औषध फवारलं तरी फटीतली अंडी मरत नव्हती. आग मात्र त्यांना मारायची. तेव्हा नियम झाला, की पट्टेवाला जिथं सापडेल ते जाळायचं. आणि तो शोधायला घरोघर, बोटीबोटीवर बसवलं एक यंत्र. त्याला सगळे 'कान' म्हणत.

हा कान काय करतो, हे तारामतीनं गावच्या शाळेत जाऊन पोरांना सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं वर्गात हार्मोनियम मागवली होती.

"डास गुणगुणतो ते तोंडानं नाही. त्याचे पंख एका सेकंदात शेकडो वेळा हलतात, त्याचा तो आवाज. आता ऐका. आपल्या घरातला साधा डास इथं गातो." तिनं एक पट्टी दाबली. "आणि पट्टेवाला इथं." दुसरी, वरची पट्टी. "नराचा सूर मादीपेक्षा चढा. नुकत्याच जन्मलेल्याचा सूर जरा उतरलेला, कारण पंख कोवळे असतात. दोन-तीन दिवसांत तो वर चढतो. आपला कान हे सगळं ओळखतो आणि ऑफिसला कळवतो. तुझ्या कानाशी डास आला तर तू काय करशील रे?"

"मी फट् करीन, बाई!"

"आणि स्वतःच्याच कानफटात खाशील," मागून एक मुलगी म्हणाली, आणि वर्ग हसला.

"बाई, डास जन्मतःच वाईट असतो का?" त्याच मुलीनं विचारलं.

"नाही गं. जन्मतः तो कोरा असतो. आजारी माणसाला चावला की त्या रक्तातून रोग त्याच्यात शिरतो. मग तो दुसऱ्याला देतो. आणि चावते ती फक्त मादी. नर बिचारा फुलातला रस पिऊन राहतो."

दाराच्या चौकटीला टेकून तिचा मोठा भाऊ हिराजी हे ऐकत उभा होता. शाळेच्या जेवणासाठी मासळी टाकायला तो आला होता, आणि बहीण शिकवतेय म्हटल्यावर थांबला होता. आईबाप वादळात गेले तेव्हा तारामती सात वर्षांची होती. हिराजीनं लग्न केलं नाही. छोटी बोट चालवून त्यानं तिला मुंबईला, पुढं पुण्याला शिकवलं. तिचं व्याख्यान ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे. तो ऐकायचा आणि ऐकलेलं विसरायचा नाही.

तिसरी बोट जळाली त्या दुपारी तारामती त्याच्याकडे जेवायला गेली. तिच्या केसांना अजून धुराचा वास होता.

"खा गो पोटभर. बांगडा बघ कसा हाय, तेलानं नुसता थबथबलाय," हिराजी म्हणाला. "सहा वर्षांनी आलाय किनाऱ्याला. भालूची जाळी समुद्र झाडून नेत होती. पिलूसुद्धा सोडत नव्हती. आता त्याच्या बोटी गेल्या तसा मासा माघारी आला. देव बघतो."

भालूशेठच्या बोटींना पर्ससीन म्हणतात. त्यांचं जाळं थैलीच्या तोंडासारखं आवळलं जातं आणि अख्खा थवा एका वेळी उचलतं. लहान होडीवाल्यांच्या वाट्याला मग नुसतं पाणी. त्यावरून समुद्रात कोयते चालले होते. हिराजीच्या हाताची दोन बोटं अशाच एका भांडणात गेली होती.

"देवाचं नाव कशाला घेतोस? त्या माणसाचं आयुष्य जळालं आज."

"आमचं जळत होतं तेव्हा तुझा कायदा कुठं होता? घे, कढी घे."

आठवडा उलटायच्या आत बाबल्या आजारी पडला. तो भालूशेठचा खलाशी, रोशनचा जिवलग मित्र. दुसरी बोट जळण्यापूर्वी तिच्यावर राखणीला झोपायचा. पण तो तालुक्याच्या बाजारातही जात असे, त्यामुळं ताप तिकडूनच आला असं सगळे म्हणाले. तारामती त्याला दवाखान्यात बघायला गेली तेव्हा त्याला खाटेला बांधलं होतं, कारण तो वेदनेनं स्वतःचीच मनगटं चावत होता. डोळ्यांची पांढरी बाजू लाल झाली होती. रोशन सुजलेला जबडा धरून काचेपलीकडे उभा होता. बाबल्यानं एकदा आईला हाक मारली आणि त्याच्या तोंडातून रक्ताची चूळ बाहेर पडली. मग तो हलला नाही.

ऑफिसात येऊन तारामतीनं तिन्ही बोटींवर कानानं टिपलेले आवाज पुन्हा लावले. काहीतरी तिला टोचत होतं. आणि तिसऱ्यांदा ऐकताना ते सापडलं. सगळे सूर उतरलेले होते. एकही म्हातारा डास नाही. निम्मे नर, निम्म्या माद्या, सगळे त्याच दिवशी जन्मलेले. पाण्यात वाढलेला डास उडून जाताना अंगावरची साल पाण्यात टाकून जातो, कोळंबीनं टाकावी तशी. पण बोटी जाळण्यापूर्वी घेतलेल्या पाण्यात एकही साल सापडली नव्हती. म्हणजे डास त्या बोटींवर जन्मलेलेच नव्हते. कुणीतरी आणून सोडले होते.

जळाल्या त्या तिन्ही बोटी भालूशेठच्या. सावण्यात डासाच्या सुराबद्दल, त्याच्या जन्माबद्दल इतकं नीट कोण ऐकून होतं?

ती उठली आणि भर उन्हात हिराजीच्या जाळ्यांच्या खोपीकडे चालत गेली.

खोपीत जुन्या टायरचे कापलेले तुकडे पडले होते आणि जुन्या साडीचे तुकडे तोंडाला बांधलेल्या काचेच्या बरण्या होत्या. रिकाम्या. तळाच्या पाण्यावर कोंड्यासारख्या साली तरंगत होत्या. हिराजी कोपऱ्यात जाळं शिवत बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"तुझ्या कानाला काय पायजे होतं? आवाज. तो दिला."

"दादा, बाबल्या मेला."

"त्याला माझे डास कसे मारतील? तूच शिकवलंस ना शाळेत? बरणीत जन्मलेत ते. कुणा आजाऱ्याला चावलेच नाय. मी कोरे डास सोडले, तारे. मी लाकडं जाळली. माणूस नाय मारला."

तारामतीनं बरणीतल्या सालींकडे बोट दाखवलं.

"बहुतेक डासांचं खरंय ते. या जातीचं वेगळं निघालं. आईच्या अंगातला विषाणू हिच्या अंड्यात उतरतो. सगळ्या अंड्यांत नाही, पण काहींत. काही माद्या रोग घेऊनच जन्मतात. प्रयोगशाळेला हे कळून चार दिवस झाले. मला काल कळलं."

हिराजीनं आपल्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"म्हणजे बाबल्याला मी..." तो थांबला. मग एकदम उठून उभा राहिला. "तारे. आज सकाळची बरणी."

"कुठं सोडलीस?"

सावण्यात एक रीत होती. समुद्रात कितीही मारामाऱ्या होवोत, धक्क्यावर बर्फ भरताना जो कुणी उभा असेल त्यानं हात लावायचा. ऊन बर्फाला थांबत नाही, म्हणून वैऱ्याच्याही बोटीत बर्फ उतरवायचा. 'भांडण पाण्यात, बर्फ सगळ्यांचा,' असं म्हणायचे. नांगरलेल्या बोटींवर भालूशेठनं पहारा बसवला होता. पण बर्फाची लादी खांद्यावर घेऊन बोटीत चढणाऱ्या हिराजीला कुणीच हटकलं नाही.

"जलकन्येच्या खणात. भालूची शेवटची बोट. बर्फ पडायच्या आधी बरणी उघडली, फळ्यांच्या फटीत. खाली रोशन लाद्या घेत होता. हात खाजवत होता, तारे. मी बघितलं. तो तोंड सुजलं म्हणून धक्क्यावर उतरला. बाकी आठ जण गेले."

गारठ्यात डास पंख हलवत नाही. म्हणून कान गप्प राहिला होता. पण मासळी ठेवायला खण उघडला की ते बाहेर येणार. आणि उतारा म्हणून जी सुई होती ती ताप चढायच्या आधी दिली तरच उपयोगी.

खोपीच्या खांबाला हिराजीचा वायरलेस टांगलेला होता. तारामतीनं तो ओढून घेतला.

"जलकन्या, जलकन्या. तारामती बोलतेय. बोट माघारी वळवा. तपासणी आहे."

खरखर झाली. मग तांडेल महादू पावसे याचा आवाज आला. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख.

"तपासणी? शेठच्या तीन बोटी तपासल्यात ना तुमी? फुंकर मारली तर उडतात आता. आमी येत नाय."

"महादूकाका, तुमच्या बर्फाच्या खणात डास आहेत."

"कान तर गप हाय."

"बर्फामुळं गप्प आहे."

"मग तुला कसं कळलं गो? तू काय खणात दडून बसलेलीस?"

वायरलेसवर कुणीतरी हसलं. ही वाहिनी प्रत्येक बोटीवर, प्रत्येक खोपीत, भालूशेठच्या ओटीवरही दिवसभर चालू असे. कुणाकडे आज काय शिजलंय, तेही बंदरभर ऐकू जायचं.

तारामतीनं बटण सोडलं. हिराजी मान हलवत होता.

"नको, तारे. दुसरं काहीतरी सांग. ते मला जिता सोडणार नायत."

तिनं खरोखर शोधलं. वादळ म्हणावं, तर आभाळ स्वच्छ. हुकूम म्हणावा, तर हुकुमानंच तीन बोटी जळाल्या होत्या. खरं सांगितल्याशिवाय महादू वळणार नव्हता. तिनं भावाकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं होतं, आणि तरी त्याचे डोळे नको म्हणत होते. तिनं बटण दाबलं.

"माझ्या भावानं सोडलेत. हिराजी चोगलेनं. आधीच्या तीन बोटींवरही त्यानंच. काका, तुमची बोट जळणार नाही, माझा शब्द. खण उघडू नका. माघारी या. चावले असतील त्यांना आजच सुई दिली तर ते वाचतील."

मग महादू म्हणाला, "वळवतो."

हिराजी खाली बसला होता. "दुसरं कुणी असतं तर गळा आवळला असता त्याचा," तो हळू म्हणाला. "जा तू. मागनं जा. तुला बघतील तर तुलापण..."

तारामतीनं घाडगेला फोन लावला. जवान खाडीपलीकडे होते. होडीनं यायला अर्धा तास. बाहेर आवाज येऊ लागला होता.

माणसं धावत येत होती. वल्ही, कोयते, मासे ओढायच्या आकड्या, हाताला लागेल ते घेऊन. तारामती दारात आडवी उभी राहिली.

"जवान येतायत! शिक्षा होईल त्याला, मी स्वतः साक्ष देईन..."

"माझ्या बाबल्याला कोण आणणार गो? तू?" बाबल्याची आई किंचाळली. तिनं फेकलेला दगड तारामतीच्या भुवईवर बसला. एका डोळ्यापुढं सगळं लाल झालं आणि ती उंबऱ्यात कोसळली. कुणीतरी तिच्या बरगडीत लाथ घातली.

"तिला हात लावू नका!" हिराजी बाहेर आला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. "मी हाय ना. मी केलंय."

गर्दीनं त्याला आत ओढून घेतलं. पहिल्या वल्ह्यानं त्याचा कोपर मोडला. आकडी मांडीत घुसली आणि ज्यानं घुसवली त्यानं ती पिळून ओढली. थोडा वेळ तो हातांनी डोकं झाकत होता. मग हात वर उचलेनात. म्हाताऱ्या बायकाही चपलेनं मारत होत्या. तारामती रांगत त्याच्याकडे जात होती आणि माणसांचे पाय तिच्या बोटांवर पडत होते.

"पुरे!" भालूशेठ ओरडला. "अरे पुरे! मरंल तो!"

रोशननं ऐकलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी वल्हं डोक्यावर नेलं आणि बाबल्याचं नाव घेऊन खाली आणलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

आणि सगळे थांबले. एकेक जण मागं सरकला. मधोमध वाळूत हिराजी पडला होता आणि वाळू भराभर रक्त पीत होती. तारामतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हाताला कवटी जिथं लागायला हवी होती तिथं ती लागली नाही.

दूरवर जलकन्येचा भोंगा वाजला.

तारामतीनं भावाचं डोकं खाली ठेवलं. कुणीतरी जुनं शीड आणून त्याच्यावर पांघरलं. तिनं ओढणीनं कपाळ आवळलं, ऑफिसातून सुयांची पेटी आणली आणि ती धक्क्यावर गेली. तोवर जवान आले होते. तिनं त्यांना बोटीचा खण बंदच ठेवायला सांगितलं. खलाशी एकेक करून उतरले. महादूनं तिचा चेहरा पाहिला, मग तिच्यामागं दूर पडलेलं शीड पाहिलं.

"पोरी, बस जरा."

"बाही वर करा, काका."

आठ दंड झाले. पेटीत अजून सुया होत्या. घाडगे झाकण लावायला वाकला, तेव्हा तिनं त्याचा हात अडवला.

जाळ्यांच्या ढिगामागं रोशन उभा होता. वल्हं त्यानं कुठंतरी टाकून दिलं होतं. हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते, आणि तो नकळत डावा दंड खाजवत होता. सकाळी खणात तो होता हे गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. पण बरणी तो खाली असतानाच उघडली आणि त्याला डास चावले, हे एकट्या हिराजीनं पाहिलं होतं. तारामतीनं झाकण लागू दिलं असतं, तर कुणीच तिला काही विचारलं नसतं. आठ-दहा दिवसांनी त्याला खाटेला बांधावं लागलं असतं, एवढंच.

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. इतका, की माणसांनाही ते जाणवलं आणि सगळे तिकडे वळले.

"रोशन, पुढं ये."

भालूशेठ धडपडत मधे आला. त्यानं हात जोडले, पट्ट्या बांधलेल्या बोटांचे. "मॅडम, मला न्या. मी सांगितलं त्याला मार म्हणून. पोराला सोडा."

"शेठ, बाजूला व्हा. बरणी उघडली तेव्हा हा खाली होता. याला चावलेत."

रोशन पुढं आला. "ताई, मी..."

तारामतीनं स्पिरिटचा बोळा घेऊन त्याचा दंड पुसला. बोळा लाल झाला. तिनं तो टाकला आणि दुसरा घेतला. तोही लाल झाला. तिसऱ्यानं खालची कातडी दिसली, आणि तिच्यावर उठलेल्या चार बारीक गांधी.

"हात सैल सोड," ती म्हणाली. "ताठ धरलास की जास्त दुखतं."